निळा ठिपका

“आणि तिथं झरा नसलाच तर, थिनले?”

“नसेल कसा, मेमे-ले? हा काय, निळा ठिपका!”

चांगथांगच्या उंच, उजाड वाळवंटात एक छोटीशी गुंफा. म्हातारे लामा कोंचोक आणि त्यांचा शिष्य थिनले, दोघंच तिथं राहायचे. आजोबांना तिकडे मेमे-ले म्हणतात. थिनलेही गुरूंना तीच हाक मारायचा.

गुंफेखालचा झरा आटला होता; साठवलेलं पाणी थोडेच दिवस पुरणार होतं. जवळपास दुसरं पाणी सापडलं नाही, तर गुंफा सोडून खालच्या गावात जावं लागणार होतं. थिनलेनं मोठ्या मठातून शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा मागून आणला. डोंगरांच्या तपकिरी रेघा, रेघांवर उंचीचे आकडे, आणि कड्यामागं तो एक ठिपका.

“गोऱ्या साहेबांनी दुर्बिणी लावून मोजलंय सगळं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

“खरंय रे बाबा.” मेमे-ले हसले. “पाण्याची बाटली तेवढी घेऊन जा.”

“झऱ्यावर जाताना पाणी कोण नेतं?”

...

कड्यामागं नुसते पांढरे गोटे होते. थिनलेनं हातांनी वाळू उकरून पाहिली. कोरडी... अगदी खोलवर कोरडी.

परतताना त्याची जीभ टाळूला चिकटली.

अर्ध्या वाटेवर समोरून मेमे-ले येताना दिसले. काठी न घेताच निघाले होते. दोन्ही हातांत एक पितळी वाटी, काठोकाठ भरलेली. नैवेद्याचं ताट न्यावं तशी जपून आणत होते.

गुंफेच्या खडकात कोरलेल्या बुद्धमूर्तीपुढची ती वाटी. पहाटे भरायची, सूर्य मावळला की ओतायची. तोवर तिला बोटही लावायचं नाही, असा नेम. तो मेमे-लेंनीच थिनलेला शिकवला होता.

“पी.”

“मेमे-ले! हे भगवंताचं पाणी... सूर्य अजून वर आहे!”

“दिसतोय मला.”

थिनले मटकन खाली बसला. मुठीत नकाशा चुरगळला.

“झरा नाही, मेमे-ले. आता गुंफा सोडायची... जन्मभर तुम्ही ज्याच्यापुढं वाट्या भरल्या, त्या भगवंताला एकटं टाकून जायचं?”

मेमे-ले गुडघे धरत त्याच्याशेजारी टेकले. बाहीनं त्याच्या ओठांवरची वाळू पुसली. मग वाटी त्याच्या तोंडाला लावली.

“तो गुंफेत कुठाय? सकाळपासून नकाशा घेऊन उन्हात हिंडतोय. पी आता.”