उजेड कुणाच्या मापानं

“...चेहरा उजेडच धरत नसेल, तर त्यात माझा काय दोष, वस्ताद?”

हे विचारताना हृषीकेश पोंक्षे चांगलाच तापला होता. कॅमेरामन म्हणून त्याचं नाव मोठं. घरात बक्षिसांचं कपाट आहे आणि ते तो पाहुण्यांना, पाहुण्यांनी न विचारता, दाखवतो.

ज्यांना तो विचारत होता ते बाबालाल शिकलगार. कोल्हापुरात कॅमेरा हातात धरलेला माणूस एकदा तरी त्यांच्या शिव्या खाऊन गेलेला असतो. मीही खाल्ल्यात. वस्तादांनी काम केव्हाच सोडलं होतं, पण नव्या मालिकेच्या सेटवर पायधूळ झाडा म्हणून हृषीकेशनं गाडी पाठवली, म्हणून आले. आले आणि पंचायतीत सापडले.

पंचायत अशी, की मालिकेची गोष्टच एका सावळ्या मुलीची. तिच्यासाठी गडहिंग्लजकडची प्राजक्ता वायदंडे निवडली होती. पोरगी खणखणीत, नाट्यस्पर्धा गाजवून आलेली, आणि रंगानं खरोखरच सावळी. पण कॅमेऱ्यापुढं नायकाशेजारी उभी केली की तिचा चेहरा बुडायचा. डोळे आणि दात तेवढे दिसायचे. मग मेकअपवाल्यानं तिला उजळ केली, तर राख फासल्यासारखी दिसायला लागली.

चॅनेलच्या मॅडम सेटवर होत्या. त्यांनी सांगून टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मुंबईची एक मुलगी तयार आहे. ती गोरी आहे. तिला सावळी रंगवू.

आता बोला. सावळ्या मुलीच्या गोष्टीत सावळी मुलगी चालेना. हसावं की रडावं, कळत नव्हतं. प्राजक्ता तर रडतही नव्हती. आईनं गावभर सांगून ठेवलं होतं, माझी पोर टीव्हीत दिसणार म्हणून. आणि इथं ती मेकअपच्या खुर्चीत ताठ बसून राहिली होती. ते मला बघवत नव्हतं.

नटानं कुठं उभं राहायचं त्याची खूण जमिनीवर चिकटवलेली होती, वस्तादांनी तिच्याकडं बघितलं.

मग म्हणाले, “उजेड लावला, तवा खुणंवर कोण हुतं?”

“शार्दूल. दुसरं कोण असणार?”

शार्दूल म्हणजे मालिकेचा नायक. भला पोरगा, गोरापान. नायिकेला मेकअपला वेळ लागतो, नायक आधी तयार होतो. म्हणून त्याला खुणेवर उभा करायचा, त्याच्या चेहऱ्यावर उजेड बसवायचा, आणि नायिका आली की तिला त्याच उजेडात आणून उभी करायची, ही आमच्या धंद्यातली रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. प्राजक्ताजवळ गेले.

“तोंड धुऊन ये, बाळ.”

ती आली. त्यांनी तिला एकटीला खुणेवर उभी केली आणि सगळे दिवे घालवायला सांगितले. मग एकच लावला, पण तिच्यावर टाकू दिला नाही. शेजारी थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता उभा करून दिव्याचं तोंड त्याच्याकडं फिरवलं. तिथून परतून येणारा उजेड मऊ होता. तक्ता जरा अलीकडं, जरा पलीकडं... मागून एक बारीक दिवा. हृषीकेश हाताची घडी घालून बघत होता. आपल्याला हे येतं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सगळ्यांनी मॉनिटरकडं बघितलं.

काय सांगू. गाल, हनुवटी, कपाळ, सगळं जागच्या जागी. रंग कणभरही उजळ झालेला नव्हता, पण पोरीच्या मनात काय चाललंय ते आता तिच्या तोंडावर वाचता येत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

“आता शार्दूलला बोलव,” वस्ताद म्हणाले.

शार्दूल तिच्या शेजारी उभा राहिला आणि मॉनिटरवर पांढराफटक पडला. नाक कुठं, गाल कुठं, काही पत्ता नाही. चुन्याच्या डबीत पडून वर आल्यासारखा. त्याला स्वतःलाच हसू आलं.

हृषीकेशला मात्र बरं वाटलं. “बघा, मी काय म्हणत होतो? आता ह्याचा चेहरा गेला.”

“आरं, खरंच की...” वस्ताद म्हणाले. “मग काढायचा का ह्याला?”

“काढायचा कशाला, वस्ताद? त्याच्या बाजूला जाळी लावली की भागतंय.”

बोलता बोलता त्यानं उजेड मंद करायची काळी जाळी उचललीसुद्धा. शार्दूलच्या आणि उजेडाच्या मधे धरली, थोडी खाली घेतली. शार्दूलचं नाक परत आलं. दोघंही दिसायला लागले, शेजारी शेजारी, आपापल्या रंगात.

वस्ताद त्या जाळीकडं बघत होते.

हृषीकेशचा हात जाळीवरच राहिला.

चॅनेलच्या मॅडम पुढं आल्या. मॉनिटरपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी प्राजक्ताला सांगितलं की उद्या सकाळी लवकर ये, पहिला सीन तुझाच आहे. तिनं मान हलवली, आणि मग कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शार्दूलनं आधी टाळी वाजवली, मग आम्ही सगळ्यांनीच.

हृषीकेश वस्तादांच्या समोर येऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. एवढ्या वर्षांत त्याला असा मी कधी बघितला नव्हता, आणि तसा तो मला आवडला.

“वस्ताद, इतकं साधं होतं... मला सुचलं कसं नाही?”

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शार्दूलकडं मान वळवली.

“सुचलं की रं. त्याच्यासाठी लगीच सुचलं.”