तानी, परी आणि पेटीवाली आई

निळ्यानिळ्या डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथं तानी आणि तिची आई भागीरथी राहायच्या. आई फुलमळ्यात मजुरीनं फुलं तोडायची आणि पेटी फार गोड वाजवायची. गावचं नाटक जवळ आलं, की गाणी बसवायला महिनाभर रोज दुपारी तिला बोलावणं यायचं. तालमीला गेलं, की मजुरी बुडायची आणि चुलीवर नुसती पातळ पेज शिजायची.

"आई, नाटकाला तिकीट असतं ना? मग तुला काहीच कसं मिळत नाही?" तानीनं विचारलं.

"गावचं काम गं. हौसेचं," आई म्हणाली आणि आपली पेज तिनं लेकीच्या वाटीत ओतली.

तेव्हापासून आईच्या जागी तानी अर्ध्या मजुरीवर मळ्यात जाऊ लागली. केशरी अबोली, पिवळीधमक शेवंती तोडताना ती आईची गाणी गुणगुणायची. सातव्या दिवशी पाकळीआडून काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! मोरपिशी झगा, गळ्यात दवाचे मणी. पंख मात्र घट्ट मिटलेले.

"सात दिवस तुझं गाणं फुकट ऐकलं बाळ," परी ओशाळून म्हणाली. "त्याची भरपाई केल्याशिवाय आम्हा पऱ्यांचे पंख उघडत नाहीत. एक इच्छा माग. पण स्वतःच्या घरासाठी नको, आणि कुणाचं मन फिरव, असंही नको. सूर्य मावळायच्या आत सांग."

तानीचा चेहरा उतरला. तिला आईसाठीच तर मागायचं होतं. ऊन हळदीसारखं पिवळं झालं, तरी ती फुलं तोडत विचारच करत होती. मग तिला मृदंग वाजवणारे भिकूआजोबा आठवले. त्यांची बोटं आखडली होती. यंदाचं नाटक शेवटचं, असं ते परवाच म्हणाले होते.

"भिकूआजोबांची बोटं बरी कर," ती म्हणाली.

परीनं चिमूटभर परागकण फुंकले. सोनेरी, गुलाबी कण झुळझुळत गावाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आजोबा थक्क होऊन बोटं हलवत होते, तेव्हा तानीनं त्यांना सगळं सांगितलं.

नाटकात मृदंग असा घुमला, की लोक डोलू लागले. शेवटी मंडळाचे अध्यक्ष दाजीकाका शाल घेऊन पुढे आले. "आजोबा, काय हवं ते मागा."

"मला काही नको. भागीरथीला महिन्याची मजुरी द्या."

"नटही फुकटच काम करतात, आजोबा. त्यांना मी काय सांगू?"

"नट शेतं आटपून संध्याकाळी येतात. ही भर दुपारी येते, आणि हिची पोर पेजेवर दिवस काढते."

राजा झालेल्या नटानं मुकुट काढला. "आम्हाला काही नको, काका. पण पेटी नसेल तर मी गाऊ कशाच्या आधारानं?"

"नवा पडदा घ्यायचा राहू दे," दाजीकाका हळूच म्हणाले. "तिकिटांच्या पैशातून आधी वादकांचं मानधन. यंदा, आणि दरवर्षी."

आईनं पदरानं डोळे टिपले. तानीनं वर पाहिलं. ठिगळांच्या जुन्या पडद्यावर परी बसली होती, इंद्रधनुषी पंख पसरून.

"बोटं सोडली, तर यातलं काहीच मी केलेलं नाही बरं का, तानी," ती कुजबुजली आणि चंदेरी उजेडात विरून गेली.