चोवीस शब्द आणि उस्तादांचा डबा

"उस्ताद, चोर आला तर आधी कुठं बघेल?"

दस्तगीर मुजावर पिराच्या कोनाड्यातला दिवा फडक्याने पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जिथं तू सारखा बघतोस तिथं."

श्रेणिक चौगुलेचा हात खांद्यावरच्या बॅगेवर होता. तो त्याने चटकन खाली घेतला.

उस्तादांनी उभी हयात सांगलीच्या पेठेत हळदीच्या व्यापाऱ्यांना तिजोऱ्या करून देण्यात घालवली होती. हात थरथरायला लागला तशी त्यांनी हत्यारं गुंडाळून ठेवली, आणि तासगावबाहेरच्या एका लहानशा पिराची दिवाबत्ती बघत राहिले. येणारे-जाणारे त्यांना फकीर समजत. ते कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत.

त्यांची एक पद्धत मात्र सगळ्या पेठेला ठाऊक होती. नवी तिजोरी तयार झाली की ते स्वतःचा जेवणाचा डबा आत ठेवत, दार बंद करत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पहिली किल्ली मागच्या विहिरीत टाकत. मग दुसऱ्या किल्लीने दार उघडायचं आणि जेवायचं. दार उघडलं नाही तर जेवण नाही. त्याआधी गिऱ्हाइकाला आत सोन्याचा मणीसुद्धा ठेवू देत नसत.

इंजिनिअरिंगच्या दोन सुट्ट्या श्रेणिकने त्यांच्या हाताखाली काढल्या होत्या. एकदा दुसरी किल्ली अडली, तेव्हा उस्ताद दिवेलागणीपर्यंत उपाशीपोटी कानस घासत बसले होते. श्रेणिक तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाऊन आला होता. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आता तो पुण्यात होता. चोरांच्या आधी बँकांच्या संगणकांत शिरून दाखवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे जगात कुणावरही विश्वास ठेवायचा नाही हे तो शिकला होता, आणि यालाच हुशारी म्हणतात असं त्याचं ठाम मत होतं.

त्याने खिशातून पेनड्राइव्हएवढी एक वस्तू काढून चौथऱ्यावर ठेवली. तिला दोन बटणं आणि नखाएवढा पडदा होता. मग तो सांगत सुटला. नऊ वर्षांची साठवण डिजिटल चलनात आहे, म्हणाला. त्यातला निम्मा वाटा स्वरूपाचा, म्हणजे बायकोचा. तिला फिजिओथेरपीचा स्वतःचा दवाखाना काढायचा आहे. तीन वर्षांपूर्वी तिने सगळं याच्या हाती दिलं, तुला त्यातलं कळतं म्हणून. आधी तो ऐवज इंटरनेटवरच्या एका कंपनीकडे असायचा. पण असल्या कंपन्या बुडतात, म्हणून त्याने तो तिथून काढून या यंत्राच्या ताब्यात घेतला.

"पैसे ह्याच्यात हायत?" उस्तादांनी विचारलं.

नाहीत, श्रेणिक म्हणाला. पैसे बाहेर, साऱ्या जगाच्या वहीत. यात फक्त किल्ली. यंत्र हरवलं, मोडलं, तरी बिघडत नाही. चोवीस शब्द आहेत. ते ओळीने भरले की कुठल्याही नव्या यंत्रात तीच किल्ली पुन्हा तयार होते.

"शब्द कुठं हायत?"

श्रेणिकने आजूबाजूला पाहिलं. आवारात एक शेळी होती, बाकी कुणी नाही. त्याने बॅगेचं अस्तर उसवलं आणि स्टीलची एक पट्टी बाहेर काढली. तिच्यावर लेटरपंचने एकेक अक्षर ठोकून चोवीस शब्द उठवले होते. ठोकायला त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं.

ही पट्टी आधी गव्हाच्या डब्यात होती. मग गीझरच्या मागे गेली, मग पुस्तकांच्या कपाटात, मग गादीच्या खोळीत. दर चार दिवसांनी त्याला वाटे की जागा चुकली. तो ऑफिसातून दुपारीच घरी येऊन पट्टी चाचपून जाई. काय शोधतोस, असं स्वरूपा विचारी. काही नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेले अकरा दिवस पट्टी बॅगेत होती आणि बॅग अंगावर.

"माझ्या जुन्या शिसवी पेटीला एक चोरकप्पा करून द्या," तो म्हणाला. "कुणाला सापडणार नाही असा. मग मला झोप लागेल."

उस्तादांनी पट्टीला हात लावला नाही. यंत्र मात्र उचललं.

"ह्याला कुलूप कसलं?"

आकड्यांचं, श्रेणिक म्हणाला, आणि त्याला जरा उत्साह आला. सहा आकडी. चोराने अंदाजाने दाबत बसायची सोयच नाही. तीनदा चुकलं की यंत्र आतली किल्ली आपण होऊन पुसून टाकतं.

"बघू."

उस्तादांनी बटणं दाबली. पडद्यावर उमटलं, चूक. श्रेणिक कौतुकाने हसला.

त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा चूक, आणि आता एकच संधी उरली, असा इशारा.

"बास, उस्ताद. द्या इकडं."

उस्तादांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. आणि तिसऱ्यांदा बटणं दाबली. त्या वेळी त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.

पडदा विझला... पुन्हा उजळला तेव्हा त्यावर कोऱ्या यंत्रासारखं स्वागत होतं.

श्रेणिकने यंत्र हिसकावून घेतलं. तो चौथऱ्यावर टेकला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"पहिली किल्ली विहिरीत टाकली," उस्ताद म्हणाले. कोनाड्याशेजारचा ॲल्युमिनियमचा डबा त्यांनी ओढला आणि दोघांच्या मधे ठेवला. "दुसरी हाय ना?"

"आहे."

"मग उघड. जेवायची वेळ झाली."

श्रेणिकला राग आला, भीतीही वाटली. पण भीती कशाची, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. शब्द तर समोर होते. तो भरायला बसला. दोनच बटणं, त्यामुळे एकेक अक्षर शोधून थांबायचं, मग पुढचं. चोवीस शब्दांना दहा मिनिटं लागली. सातव्या आणि सतराव्या शब्दांची त्याने भरताना अदलाबदल केली.

"ते का?"

पट्टीवर दोन शब्द मुद्दाम उलटेपालटे ठोकलेत, श्रेणिक म्हणाला. पट्टी चोराच्या हाती लागली तरी त्याला उघडता येऊ नये.

यंत्राने सांगितलं, शब्द चुकीचे.

त्याने पुन्हा भरले. बोटं चुकली असतील. दहा मिनिटं... चुकीचे.

उन्हं चौथऱ्यावर आली. शेळी सावलीला सरकली. श्रेणिकच्या गळ्याखालून घाम निथळत होता. पट्टीवरचे शब्द डोळ्यांसमोर नाचायला लागले. सात आणि सतरा हे त्याचे नेहमीचे आकडे होते, मग चुकेल कसं?

आणि मग त्याला आठवलं.

सात आणि सतरा पहिल्या पट्टीवर होते. ती त्याने स्वतःच कापून टाकली होती. आपले नेहमीचे आकडे कुणीही ओळखेल, असं वाटून. दुसऱ्या पट्टीवर त्याने वेगळे आकडे घेतले होते, स्वतःच्या डोक्यातले नव्हेत असे. पण कुठले?

त्याने ते कुठेही लिहून ठेवले नव्हते. लिहिलं की सापडतं.

"तुम्ही जेवून घ्या, उस्ताद."

"उघडलं न्हाई अजून."

मग श्रेणिक हिशोब करू लागला. चोवीसातल्या दोन जागा म्हणजे दोनशे शहात्तर जोड्या. दर जोडीला दहा मिनिटं. झोप न घेता दोन दिवस. त्याने तो आकडा मोठ्याने सांगितला, म्हणजे उस्तादांना निदान आपण काय करून ठेवलं ते कळावं.

"कर," उस्ताद म्हणाले.

त्याने एक जोडी धरली, भरली, चुकली. दुसरी धरली. अर्ध्यात बोट घसरलं, आणि त्याने यंत्र मांडीवर टाकून दिलं. स्वरूपाने दवाखान्यासाठी बघितलेला गाळा त्याला आठवला. येता-जाता ती त्याच्या बंद शटरपाशी रेंगाळायची. गेल्या महिन्यात तर बाहेर पावलं मोजत होती, दोन खाटा बसतील का म्हणून. त्याला रडू आवरेना. तो तोंड फिरवून बसला.

किल्ली हरवलेल्या माणसाला उस्ताद पेठेत जो प्रश्न विचारायचे, तोच त्यांनी विचारला.

"पट्टी ठोकलीस तवा घरात कोण हुतं?"

श्रेणिक आठवू लागला...

रविवारची सकाळ होती. त्याने जमिनीवर पोतं अंथरलं होतं, हातोडी चालू होती. आतून कणीक मळल्याचा आवाज येत होता. त्याने ओरडून विचारलं होतं की चोवीसच्या आतले कुठलेही दोन आकडे सांग. कशाला ते सांगितलं नव्हतं. तिने सांगितले, त्याने ठोकले.

"तिला नाही विचारता येणार," तो म्हणाला.

उस्तादांनी डब्यावर बसलेली माशी हाकलली.

विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागणार होतं. तुझे पैसे माझ्या हातून कुलपात अडकलेत. तीन वर्षं तुला काहीच दाखवलं नाही. मी रस्त्यात मेलो असतो तर तुला त्यातलं काहीही मिळालं नसतं. हे शेवटचं वाक्य त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, आणि तो फोन हातात धरून नुसता बसून राहिला. दोनशे शहात्तर जोड्या सोप्या वाटल्या त्याला.

शेवटी त्याने फोन लावला.

सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढं करत. मग त्याने आकड्यांचं विचारलं, आणि फोनवर बोलू नकोस, मेसेज कर, असं म्हणेपर्यंत ती बोलूनही गेली होती.

"नऊ आणि बावीस."

"तुला कसं लक्षात राहिलं?"

"त्या पैशांबद्दल तू मला आजवर एवढंच तर विचारलंयस, श्रेणिक."

तिने फोन ठेवला. रागाने ठेवला की रडत, ते त्याला कळलं नाही.

त्याने पुन्हा भरायला घेतलं. नवव्या जागी बाविसावा शब्द, बाविसाव्या जागी नववा. शेवटचा शब्द भरून त्याने बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा यंत्र नवा सहा आकडी पिन मागत होतं. पिन ठेवून त्याने फोनवर तपासलं. सगळं जागेवर होतं.

श्रेणिकने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मोकळं वाटलं, फार मोकळं. थोडा वेळ तो शेळीकडे बघत नुसता बसला. आणि मग, एवढं सगळं होऊनही, त्याचा हात आपसूक पट्टीवर गेला. पट्टी त्याने छातीशी धरली.

"आता तरी चोरकप्पा करून द्याल?"

उस्तादांनी डब्याची कडी काढली. ज्वारीची भाकरी होती, लसणाची चटणी, एक कांदा. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं. त्यांनी भाकरी मोडायला हात पुढे केला... आणि तसाच थांबवला.

"पुण्यासनं हिकडं यायला किती येळ लागतो?"

"साडेचार तास. का?"

उस्तादांनी झाकण परत लावलं, कडी घातली, आणि डबा होता तिथे सरकवून ठेवला.

"पूस परत," ते म्हणाले. "ती यिऊन उघडंल तवा जेवू."