भट्टीचा वायू आणि चुन्याची वीट

फार मागे एका टेकडीखाली चुन्याची भट्टी होती. ती दगड भाजून चुना करी आणि दगडातून सुटलेला वायू आभाळात सोडी. शेवटी आभाळाने बजावले, "बाई, माझा जीव गुदमरतो. वायू आवर, नाहीतर पाऊस पाडून तुला विझवीन."

भट्टीने वायू कोठडीत कोंडला. पण त्याचे करायचे काय?

कोपऱ्यातली चुन्याची कच्ची वीट म्हणाली, "मला द्या. दगड भाजताना हाच निघून गेला, म्हणून मी अशी भुसभुशीत."

भट्टीने घाईने वायू विटेवर लोटला. वीट तशीच राहिली.

"कशाला आशा लावलीस गं?" भट्टी करवादली.

भट्टीशेजारचा पाण्याचा रांजण हसला. "कोरड्या विटेत तो मुरेल कसा? माझं पाणी शिंपड. आणि महिनाभर गप्प बस."

गप्प बसणे भट्टीला जड गेले. पण महिन्याने विटेवर खडा पडला, तेव्हा ती दगडासारखी खणखणली.

"किती वायू मुरला?" आभाळाने विचारले.

"ओंजळभर," भट्टी खाली मान घालून म्हणाली.

"मग विझवू?"

"थांबा, आभाळदादा," वीट म्हणाली. "माझ्यामागे चुन्याच्या कच्च्या विटांचा ढीग पडलाय. प्रत्येकीत ओंजळभर मुरेल."

आभाळाने ढग मागे घेतले. भट्टीने दुसऱ्या विटेवर पाणी शिंपडले.