श्वासाचा लेख

घाटमाथ्यावरच्या या टाक्यामागचा काळा दगड तुम्हाला नुसता गुळगुळीत वाटेल. बघा हात लावून. पण त्यावर लेख आहे. तो एका यवन, म्हणजे ग्रीक, व्यापाऱ्यानं कोरवला, असं सांगतात. घाटात तो तहानेनं पडला तेव्हा एका धनगरणीनं त्याला पाणी पाजलं, म्हणून त्यानं हे टाकं खोदवलं. जाताना म्हणाला, आमच्या बोलीत पवित्र लेखाला 'थेओप्नेउस्तोस' म्हणतात. देवानं ज्यात श्वास घातला तो. बाईला शब्द काही उच्चारता आला नाही. त्याचा अर्थ आणि लेखातला मजकूर तेवढा तिनं लेकीला सांगितला, लेकीनं तिच्या लेकीला.

पुढं कैक पिढ्यांनी मोठा दुष्काळ पडला. अक्षरं झिजून दिसेनाशी झाली होती. घाटाच्या नाईकानं टाक्याला काट्यांचं कुंपण घातलं आणि पाणी माझं म्हणाला. दगड तेवढा बाहेर राहिला. त्या धनगरणीच्या वंशातली भिवरा मेंढरं घेऊन आली, तेव्हा कोकरं माना टाकत होती म्हणे.

"नाईक, पाणी सगळ्यांचं आहे. इथं लिहिलंय."

"कुठं? दाखव. दिसलं तर कुंपण मी माझ्या हातानं काढीन."

भिवराला अक्षरओळख नव्हती. पण आईचं बोलणं तिला आठवलं. देवाचा श्वास सरला असेल, तर आपला देऊन बघावा. पौषाची थंडी होती. तिनं दगडाशी तोंड नेऊन हाऽऽ करून वाफ सोडली. दगड धुरकटला आणि एक अक्षर उमटलं! पुढच्याकडं सरकेपर्यंत ते विझलं.

नाईक हसला. "भिवरे, एवढ्या श्वासानं चूलही पेटायची नाही!"

"एकटीचा पुरत नाही, खरं आहे," ती म्हणाली, आणि पाण्यासाठी खोळंबलेल्या माणसांकडं वळली. "या गं बायांनो! या रे दादांनो! तोंडं लावा दगडाला!"

घागरी ठेवून बाया आल्या, हमाल आले, तांड्यातले लमाण आले. नाईकाचे पहारेकरीही आले. तहान त्यांनाही होतीच. खांद्याला खांदा लावून सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि अख्खी ओळ लख्ख उमटली. तांड्याबरोबरच्या म्हाताऱ्या भिक्षूला जुनी अक्षरं लागत. त्यानं मोठ्यानं वाचलं, "हे पाणी तहानलेल्या सर्वांचे."

घाट दुमदुमला. नाईकानं शब्द पाळला. काटे उपसताना त्याचे हात रक्ताळले, पण तो थांबला नाही म्हणतात. मेंढरं अशी धावली की भिवरालाच ढकलून गेली, आणि ती खाली बसून हसत राहिली.

आजही पौषात एक दिवस, उन्हं यायच्या आत, आसपासच्या गावची माणसं दगडावर श्वास सोडायला इथं रांगेत उभी राहतात. शेजारी कोण, ते विचारायचं नाही, असा नेम आहे. उद्याच तो दिवस. या पहाटे. शेवटच्या दोन अक्षरांना माणसं कमी पडताहेत.