निजत्या चिंचेचा मुहूर्त

गोठणवाडीच्या वेशीत एक थोरली चिंच आहे. या गावात लग्ने गोरज मुहूर्तावरच लागतात आणि वेळ सांगते ती ही चिंच. पाहुण्यांना याचे भारी नवल वाटते. गावातली जुनी माणसे त्याची हकिकत सांगतात ती अशी.

फार वर्षांपूर्वी लखबा गवळ्याची मुलगी सगुणा हिचे लग्न या वेशीत मांडले होते. नवरा पलीकडच्या खोऱ्यातला भिवा. तो म्हैस बघायला आला नि म्हशीपेक्षा गवळणीकडेच जास्त बघून गेला, असे सांगतात. सगुणेलाही तो मनापासून आवडला होता. पण लग्नाच्या दिवशी ऐन वेळी वळवाचे ढग दाटले, गडगडाट झाला आणि रानातली गुरे शेपट्या वर करून गावात घुसली. धुळीचे लोट उठले, अंधारून आले. वऱ्हाड पोचले तेव्हा गुरे दावणीला बांधलेली. ती पाहून भिवाच्या मामाने, तात्याबाने, कपाळावर हात मारला.

"गोरज सरली की! आता कसलं लगीन? चला माघारी."

नारोभटजींनीही मान डोलावली. घड्याळ कोणापाशीच नव्हते. गुरे परतली की गोरज, एवढेच सर्वांना ठाऊक. पुढचा मुहूर्त थेट दिवाळीनंतरचा. तोवर भिवा आपला राहतो की नाही, हे सगुणेला कोण सांगणार?

पण ती गवळ्याची लेक. रोज संध्याकाळी याच चिंचेखाली धारा काढताना ती पाने मिटताना बघत आली होती. मुंडावळ्या सावरत ती सरळ पुढे झाली.

"मामा, गुरं गडगडाटाला भ्याली म्हणून पळाली. चिंच न्हाई भ्याली. तिची पानं उघडीच हायती, म्हंजी दिस बुडायचा हाय अजून."

नवरी बोलली म्हणून बायकांनी तोंडाला पदर लावले.

"झाडाला काय कळतंय?" तात्याबा गुरकावला.

"दिस कळतो. ढगाला ती फसत न्हाई."

भटजींना ते पटले. त्यांनी अंतरपाट धरायला लावला आणि ते मान वर करून चिंचेकडे पाहत राहिले. त्यांचे पाहून सारे वऱ्हाडही तसेच. माना अवघडल्या, पण कोणी हलेना. इतक्यात पश्चिमेला ढग फाटला म्हणे, आणि डोंगरावर टेकलेला तांबडा सूर्य सगळ्यांना दिसला. तो खाली गेला तशी समोरासमोरची पाने जोडीजोडीने मिटू लागली.

"निजली! चिंच निजली!" सगुणा आनंदाने ओरडली.

अंतरपाट दूर झाला. त्या रात्री वाजंत्र्यांपुढे सर्वांत जास्त तात्याबाच नाचला, असे सांगतात.

आजही गोठणवाडीत अंतरपाट चिंचेखालीच धरतात. मोबाइलमध्ये कितीही वाजलेले असोत, नवरी वर बघते आणि तिने "निजली" म्हटल्यावरच अक्षता पडतात. एखादी नवरी घाईघाईने पाने मिटायच्या आधीच "निजली" म्हणून मोकळी होते. मग सारा मांडव खदखदून हसतो आणि अक्षता टाकतो.