टोपलीच्या तळचा पेंढा

धाकट्या नणंदेच्या आजारपणात मी देवीला बोलले होते, "ती आपल्या पायांनी घरी येऊ दे, तुझी ओटी अखंड तांदळाने भरीन. तुटका दाणा एक घालणार नाही." ती घरी आली नाही. सुतक फिटल्यावर मी सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडायला बसले, तेव्हा शेजारच्या सुमतीवहिनी म्हणाल्या, "अगं, देवीनं तिचं केलं नाही, तू कशाला तुझं करत बसलीस? आणि करतेसच, तर वर ओंजळभर चांगले घाल, खाली कणी घाल. देवी काय उपसून बघणार आहे?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

भातशेतीच्या मुलखात, कारखान्यांना लागून एक गाव होतं. त्या गावात रेवती नावाची एक बाई राहत होती. गावातले पाटणेशेठ भेटीच्या टोपल्यांचा धंदा करत. रेवती आणि गावच्या आणखी काही बायका त्यांच्या खोलीत बसून टोपल्या भरत.

शेठचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या जपानी कारखान्याचे ओकादासाहेब. नव्या वर्षाला ते आपल्या जपानी व्यापाऱ्यांना टोपल्या पाठवत, आणि त्या त्यांना त्यांच्या रीतीच्या लागत. टोपली लहान, वस्तू मोजक्या. काजू, मध, चहा, वेलची, गुळाच्या वड्या, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात. मोजून चार वस्तू मात्र कधी नाहीत, कारण त्यांच्यात चार हा आकडा अशुभ. वरून चौकोनी सुती कापड, त्याच्या टोकांची एकच गाठ. गाठ दिसायला घट्ट, पण ओढली की सुटणारी. ही गाठ साहेबांनीच जमिनीवर मांडी घालून रेवतीला शिकवली होती. अनेक वर्षं इथे राहिल्याने ते मोडकं मराठी बोलत. म्हणाले होते, "हे बांधणं नाही, ताई. हे नमस्कार."

रेवतीला ते फार पटलं. ती हात धुऊन, मनात देवाचं नाव घेऊन गाठ मारायची. द्वारकाबाई तिची थट्टा करायची, "बघा बाई, काजूची प्राणप्रतिष्ठा चालली आहे!" सगळ्या हसायच्या. पण त्या खोलीच्या जिवावर घरोघरी चुली पेटत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा पाटणेशेठ साहेबांकडे गेले असताना कुणी तरी साहेबांना भेट आणून दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून मान लववली आणि न उघडता बाजूला ठेवली. देणाऱ्यादेखत भेट उघडणं त्यांच्यात असभ्य मानतात. शेठनी मात्र त्याचा भलताच अर्थ काढला. परत आले ते हसतच.

"रेवतीताई, हे लोक आत बघतच नाहीत! कापड बघतात, गाठ बघतात, खूश होतात. यंदा काजू महाग झालाय. तळाला पेंढा घाला, वर वस्तू मांडा."

"शेठ, पेंढा गुरांना घालतात," रेवती म्हणाली. "माणसाला कसा द्यायचा?"

"मग घरी बसा. पेंढा घालणारे हात पुष्कळ मिळतील. पण मग या सगळ्याजणीही घरी बसतील."

द्वारकाबाई हळूच म्हणाली, "रेवते, तुझा देव दोन वेळा जेवतो गं. माझी पोरं एकदाच जेवतात."

रेवतीने पेंढा घेतला, निवडून स्वच्छ केला, तळाला पसरला आणि वर मोजक्या वस्तू ठेवल्या. मग नेहमीसारखी गाठ मारली. त्या वेळी मात्र तिच्या तोंडात देवाचं नाव आलं नाही.

टोपल्या गेल्या. नवं वर्ष उजाडलं. कुणाची तक्रार आली नाही. शेठ म्हणाले, "बघितलंत?"

पण पुढच्या टोपल्यांची मागणीही आली नाही.

एके दुपारी ओकादासाहेब स्वतः खोलीवर आले. त्यांच्या हातात धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कापडांची चळत होती. ती खाली ठेवून ते रेवतीसमोर तसेच मांडी घालून बसले.

"व्यापाऱ्यांनी कापड रिकामंच परत पाठवलं," ते म्हणाले. "कुणी काही बोललं नाही. आमच्यात बोलत नाहीत. मलाही कळलं नसतं. पण एक टोपली मी घरी नेली होती. बायकोच्या फोटोसमोर ठेवली. ती वारली. तिला दाखवून मग उघडायची, अशी रीत आहे. उघडली. हात आत गेला, तर गवत."

पाटणेशेठ धावत आले. "साहेब, या बायकांचं काम! माल मी पुरा दिला होता, मधल्या मधे यांनीच चोरला."

द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला. चोर म्हणून नाव पडलं, की गावात कुणी दारात उभं करत नाही. सगळ्या रेवतीकडे बघू लागल्या.

रेवती म्हणाली, "साहेब, एक काजू कुणी चोरला नाही. पेंढा शेठ म्हणाले म्हणून घातला. पण हात माझे होते. तुम्ही शिकवलेली गाठ मीच मारली."

साहेबांनी चळतीतलं वरचं कापड उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं. कापडाच्या घडीत साखरेची एक पुडी होती.

"हे मी घरी नेलेल्या टोपलीचं कापड," ते म्हणाले. "आम्ही रिकामं परत देत नाही."

"आम्हीसुद्धा देत नाही, साहेब," रेवती म्हणाली, आणि तिने ते कापड कपाळाला लावलं.

साहेब वाकून नमस्कार करून निघून गेले. त्यांच्या टोपल्यांचं काम बंद झालं. हळूहळू दुसरी गिऱ्हाइकंही गेली. पाटणेशेठनी खोलीला कुलूप लावलं आणि दुसरा धंदा धरला. बायका पांगल्या. द्वारकाबाई लोकांच्या शेतावर खुरपायला जाऊ लागली. वाटेत भेटली की म्हणायची, "तू खरं बोललीस म्हणून चोर तरी ठरलो नाही गं. पण चूल काही पेटत नाही." रेवती मान खाली घालायची.

रेवतीने त्या साखरेला हात लावला नाही. पुडी देवापुढे ठेवली. घरात जे होतं त्यातून ती थोडं थोडं बाजूला काढू लागली. नव्या तांदळाचे पोहे, तिळाच्या वड्या, कोकमं, घरचं तूप. मग बुरुडाकडून एक लहान टोपली आणली. आधी तळ भरला. बोटाने चाचपून पाहिलं, कुठे पोकळ राहिलं नाही. वर साहेबांचंच कापड घातलं, देवाचं नाव घेतलं आणि गाठ मारली. या वेळी नाव आपोआप आलं.

टोपली घेऊन ती चालत कारखान्यावर गेली. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "ओकादासाहेब? ते गेले की बाई त्यांच्या देशाला. कायमचे."

"पत्ता?"

"मला कोण देणार त्यांचा पत्ता? टोपली ठेवून जाऊ नका, इथे कुणी घेणार नाही."

रेवती उन्हात फाटकाशी उभी राहिली. टोपली तळापर्यंत भरलेली होती, आणि घेणारा उरला नव्हता.

ती तशीच मागे फिरली आणि द्वारकाबाईच्या दारात गेली. टोपली दोन्ही हातांनी पुढे केली. द्वारकाबाईने गाठ ओढली, आत हात घातला, पार तळापर्यंत घातला. वर बघून म्हणाली, "पेंढा नाही गं."

"नाही," रेवती म्हणाली.

एवढंच. खोलीचं कुलूप काही उघडलं नाही.

गोष्ट संपली तेव्हा सुमतीवहिनी माझ्याजवळ सरकल्या. माझ्या सुपातल्या कण्या वेचायला लागल्या.

तात्पर्य: देणाऱ्याचा धर्म टोपलीच्या तळाशी असतो, तो एकदा चुकला, तर घेणारा पुन्हा भेटेलच असं नाही. म्हणून बाळांनो, बायांनो, देवाला द्या की माणसाला, मागितलेलं मिळो की न मिळो, तुम्हीही आजपासून एवढं करा: आधी तळ भरा, मग गाठ मारा.